भिंतीपलीकडची रेघ

शमिकाने अँटेना भिंतीला टेकवली, तसा पलीकडून आजीचा आवाज आला, "भोकं पाडू नको हं. गेल्याच महिन्यात चुन्याची पुताई झालीये."

"नाही पाडत आजी. नुसती टेकवतेय."

अख्खं घर सकाळीच लग्नाच्या गार्डनला रवाना झालं होतं. निधीआत्याचं लग्न, दोनदा मोडून तिसऱ्यांदा ठरलेलं, आणि आत्या अडतीस वर्षांची घोडनवरी. साडेबाराचा मुहूर्त. अन्नपूर्णा मोहल्ल्यातल्या त्या घरात उरली होती तिघंच. अंथरुणाला खिळलेले लक्ष्मीकांत आजोबा, दार लावून त्यांच्या उशाशी बसलेली अंबिका आजी, आणि शेजारच्या खोलीत पैठणी नेसून लॅपटॉप उघडून बसलेली ही दीडशहाणी. "कन्यादान जयेश-मंजुषा करतील, अक्षतांना मी पोचते," असं आजीने शमिकाच्या आईबापांना उजाडताच फर्मावलं होतं. तिच्यापुढे तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती.

अँटेना डाकतिकिटाएवढी. अल्ट्रा-वाइडबँड म्हणतात तिला. भिंतीपलीकडे माणसाची छाती हलली तरी तिला कळायला हवं. ढिगाऱ्याखाली कोण जिवंत आहे ते शोधायला. पण तिचे कान इतके मोठे, की मोहल्ल्याचं सगळं वायफाय त्यात शिरायचं. म्हणून शमिकाने तिच्यात बारीक स्विच बसवले होते. जी लहर नको ती गाळायची, उद्या दुसरी नको झाली तर ती. लॅबमध्ये झकास चालायचं. घरात एकदाही नाही.

"लॅब में तो हर कोई शेर है, बेटा," तिचे पीएचडीचे गाईड धनेश सर म्हणाले होते. "आज शाम तक खऱ्या पेशंटचं रीडिंग दे, नाहीतर तुझा टॉपिक लॅबमधल्या सार्थकला."

दोन वर्षं राबली होती पोर.

स्क्रीनवर नुसती गिचमिड. तिने स्विच पाडला. वायफाय गळालं आणि स्वच्छ रेघ उठली. वर, खाली, संथ.

"आजी, येतंय. आता तू बाहेर ये ना. मला फक्त आजोबांचा श्वास हवाय."

"रात्रभर खोकून आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा. आजच्या दिवशी तरी ती टिकली बाजूला ठेव."

"दोन मिनिटं, प्लीज."

आजी बाहेर आली. दार घट्ट ओढून घेतलं. हातात चहाचा रिकामा कप.

रेघ आडवी पडली.

शमिकाने दुसरा स्विच पाडला, मग तिसरा. वायर काढून पुन्हा लावली. रेघ पाटीवर ओढल्यासारखी सरळ.

"गेलं सगळं," तिने वायर टाकून दिली. "तुझा श्वास धडधाकट, तो पकडला. आजोबांचा इतका बारीक श्वास हिला ऐकूच येत नाही. सरांना कळवते, फेल झालं म्हणून."

तिने फोन उचलला. आजीने तो तिच्या हातातून काढून कमरेला खोचला. मग पदराच्या टोकाने तिचे डोळे टिपले, काजळ पसरू नये अशा बेताने.

"सरांना संध्याकाळी सांग. मशीन ठीक आहे तुझं. पहाटे चारलाच गेले ते. निधीवर अक्षता पडेपर्यंत या घराला सुतक नाही."