गाळलेलं वाक्य

विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करणारी मी पुन्हा कुजबुजले, "चुकलं माझं, सासूबाई."

रंगमंचावर डोक्यावर पदर घेतलेल्या कुमुदिनीबाई ढिम्म उभ्या. आमच्या नाट्यमंडळाच्या कौटुंबिक महोत्सवात घरच्यांनी एकमेकांच्या भूमिका करायच्या, हा रिवाज. त्यामुळे बाई झाल्या होत्या सून, आणि त्यांची खरी सून सुनेत्रा, केसांना पावडर फासून, सासू. तालमीत प्रत्येक वेळी बाईंनी हे एकच वाक्य गाळलं होतं. "माफी मागायची सवय नाही गं मला!" बाई मला म्हणायच्या. ते सुनेत्राला लग्नापासून ठाऊक होतं.

पहिल्या रांगेतून बाईंचे यजमान ओरडले, "अगं, म्हणून टाक एकदाचं! भूक लागलीय!" सभागृहात हशा पिकला.

बाईंनी पदर सावरला. मग सुनेत्राचा हात धरून म्हणाल्या, "चुकलं माझं, सुनेत्रा."

टाळ्या थांबेनात. पुढचं वाक्य सुनेत्राचं, "असू दे गं." मी परत परत सांगितलं, पण या वेळी वाक्य तिनं गाळलं.

नंतर मेकअप पुसताना बाई पुटपुटल्या, "तुझं नाव चुकून आलं हो तोंडात."

"असू दे, आई," सुनेत्रा म्हणाली. "रविवारच्या प्रयोगातही असंच येऊ द्या."