बारा मिनिटं

चारशे सात बॅचचे कागद कामिनीने संगणकात चढवले. औषधाच्या गोळ्यांची पूड आणि पाणी एकत्र मळायला लागलेला वेळ प्रत्येक कागदावर एकच होता : बारा मिनिटं. खाली सही, लीलाधर नारखेडे. तिचे वडील, नाना. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते.

नव्या मिक्सरची वेळ याच नोंदींवरून लावलेली. तो बरोबर बारा मिनिटांनी आपोआप थांबायचा. तीन बॅच वाया गेल्या होत्या. एकीचा चिखल झाला, दोन भुगाच राहिल्या.

असोद्याचे प्रेमराजभाऊ वीस वर्षं नानांच्या हाताखाली होते. कामिनी त्यांना मिक्सरपाशी घेऊन आली. मागोमाग कारखान्याचे मॅनेजर स्वप्नील साहेबही आले.

"भाऊ, नाना घड्याळ लावायचे?"

"घड्याय?" प्रेमराजभाऊ हसले. "नाना झाकन उघडे, मूठभर काढे, दाबे. गोळा झाला अन् अंगठ्यानं बरोब्बर दोन तुकडे झाले, की बंद. पावसाळ्यात आठात व्हये, उन्हाळ्यात पंधरा बी लागे."

"मग बारा का लिहायचे?"

"कागदावर बारा छापेल व्हतं न. दुसरं लिहिलं की साहेब इचारे, का म्हनून. मूठ कुठी लिहिनार, पोरी?"

स्वप्नील साहेब हळूच म्हणाले, "पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे. मशीनच बिघडलं म्हणता येईल. खरं लिहिलं तर नानांच्या सगळ्या सह्या खोट्या ठरतील. तुम्ही सांगा, कामिनी."

कामिनीने हातमोजा चढवला. "भाऊ, चालू करा."

दर मिनिटाला मिक्सर थांबवून ती मूठ भरून पाहू लागली. सातव्या मिनिटाला पूड बोटांतून सांडली. आठव्याला गोळा झाला, पण दाबताच भुरभुरला. घरी ती पीठ मळत असली की नाना परातीत हात घालून गोळा दाबायचे. "अजून थोडं." तिला वाटायचं, चुका काढतात.

नवव्या मिनिटाला गोळा तळव्यावर बसला. तिने अंगठा टेकवला. दोन तुकडे.

प्रेमराजभाऊंनी मुख्य बटण बंद केलं.

ती संगणकापाशी आली. चारशे सात ओळी निवडून शेरा लिहिला : 'वेळ खरा नाही. माल खरा आहे.' मग आजच्या बॅचसाठी नवी ओळ उघडली. थांबवण्याच्या कारणासाठी दोनच पर्याय होते, वेळ आणि बिघाड. तिने दोन्ही सोडले आणि खालच्या रिकाम्या जागेत टाइप करू लागली, डाव्या हाताने. उजवी मूठ अजून मिटलेलीच होती.