वीसच्या वीस

आमच्या टिप्टनच्या कबुतरांच्या क्लबात, हवेत सगळ्यांनी मिळून कोलांट्या घ्यायच्या स्पर्धेत, विल्फची कबुतरं दर वर्षी शेवटची येत. यंदा त्याने नवी जात वाढवली होती. निदान शेवटून दुसरं यावं, एवढीच त्याची इच्छा. पंच त्याच्या परसात आले. विल्फने ढाबळ उघडली, वीसही कबुतरं वर गेली. आता पाच मिनिटांच्या आत त्याने "सुरू" म्हटलं, की पंच गुण मांडणार होते.

तेवढ्यात वीसच्या वीस एकदम उलटली आणि कोलांट्या घेत भिंगरीसारखी खाली आली. मग वर जाऊन पुन्हा, आणि पुन्हा. मला नीट सांगता येत नाही, पण तसं मी कधी पाहिलं नव्हतं. विल्फ आ वासून बघतच राहिला.

पंचांनी घड्याळ पाहिलं. "विल्फ, मुदत संपली. 'सुरू' म्हणायचं राहिलं तुमचं." आणि शून्य लिहिलं.

"कबुतरं तयार झाली रे, आता तुला शिकवायला हवं," क्लबातला क्लेम म्हणाला. सगळे हसले. करंडक नेहमीप्रमाणे क्लेमलाच मिळाला.



दुसऱ्या दिवशी सकाळी क्लेम विल्फच्या दारात उभा होता. "त्यातली एक जोडी देतोस का? हवं तर करंडक ठेवून घे."