देवमाशाचा मणका

मुलाची होडी बुडाली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून किनाऱ्यावर कसलंही हाड सापडलं की मावशी ते घेऊन संग्रहालयातल्या हाडतज्ज्ञाकडे यायची. तो म्हणायचा, "माणसाचं नाही." मग ते हाड परत समुद्रात सोडून ती हलक्या मनाने घरी जायची.

आज तिने आणलेला मणका चांगला पाटाएवढा होता. त्याने भिंग लावलं, नखाने टिचकी मारून पाहिली आणि त्याला हसूच आलं.

"मावशी, देवमाशाचा आहे हो! चांगला शंभरेक वर्षं जुना. माणसाच्या पाठीत मावेल का हा?"

मावशी मणक्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"खरं सांगताना तुम्ही माझ्याकडे बघता, साहेब."

"म्हणजे?"

"देवमाशाचा आहे हे मलाही कळत होतं. पण तीन वर्षांपूर्वी मी ते लहानसं हाड आणलं, तेव्हा तुम्ही खिडकीकडे बघून बोललात. डॉल्फिनचं आहे म्हणालात. आणि तेवढं एकच परत दिलं नाहीत."

त्याची नजर आपसूक टेबलाच्या खालच्या खणाकडे गेली.

मावशीने मणका बाजूला सरकवून टेबलावर जागा केली.

"काढा त्याला बाहेर," ती हळूच म्हणाली. "लहानपणापासून त्याला अंधारात झोप लागत नाही."