रॅम्प उचलला तेव्हा

जहाजाच्या तोंडाशी टेकलेल्या रॅम्पचा चढ पाहून तीन वर्षांच्या निकिताने दोन्ही हात वर केले. "पप्पा, घ्या ना!"

गोरक्ष जागचा हलला नाही. तृप्तीने लेकीला कडेवर घेतलं. आतून मात्र ती धुमसत होती.

नेव्ही डेच्या आठवड्यात लोकांना जहाज बघायला सोडत होते. गोरक्षने याच जहाजावर सात वर्षं काढली होती. आता तो पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये होता. त्याला मुंबईला यायचंच नव्हतं. हट्ट तृप्तीचा. निकिता चार महिन्यांची असताना तो रजेवर आला, तेव्हापासून त्याने पोरीला एकदाही उचललं नव्हतं. सासू कुसाबाई म्हणायच्या, "त्याला पोरगा पाहिजे व्हता." तृप्तीच्याही मनाने तेच घेतलं होतं.

आत एक तरुण अधिकारी माहिती सांगत होता. हे जहाज रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवतं. पण त्याचं मोठं काम तीन वर्षांपूर्वीच्या त्सुनामीतलं. बेटावर जहाज लागायला धक्काच उरला नव्हता. जहाज वाळूला लावलं, रॅम्प टाकला, चारशे माणसं आत घेतली.

"मग ओहोटी लागली. आणखी थांबलं असतं तर जहाज रुतलं असतं, आतली चारशे माणसंही अडकली असती. कॅप्टनने रॅम्प उचलायचा हुकूम दिला. मागे राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जहाजाने आणलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"सगळ्यांना आणलं का, साहेब?" गोरक्षने विचारलं.

"जेवढे सापडले तेवढ्यांना, काका."

"त्यात एक बाई व्हती का? कमरेएवढ्या पाण्यात उभी व्हती. तान्हं लेकरू वर धरलं व्हतं तिनं. माझ्याकडं."

अधिकारी गोंधळला. "तेवढं नोंदीत नाही. मी तर तेव्हा कॉलेजात होतो." मग त्याने हळूच विचारलं, "तुम्ही होता तिथे?"

"रॅम्प उचलायचा दांडा माझ्याकडं व्हता."

माणसं पुढे सरकली. गोरक्ष तिथेच भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. तृप्ती त्याच्याजवळ गेली. तीन वर्षं जपलेला राग आता कुठे ठेवावा, तिला कळेना.

"अहो, हुकूम होता," ती म्हणाली. "तुम्ही तरी काय करणार? तुमच्या हातात तो दांडा होता."

"एकाच हातात व्हता, तृप्ती," तो म्हणाला. "दुसरा मोकळा व्हता."