तेरावी थाप

तेराव्या थापेला, उतार तपासण्यासाठी कापलेला बर्फाचा खांब मधूनच सरकला आणि त्याचा वरचा तुकडा गुडघे टेकून बसलेल्या डेल्फिनाच्या मांडीवर येऊन पडला. खाली साखरेसारखा मोकळा, रवाळ थर उघडा पडला.

"बावीस झाल्या ना गं?" रस्त्यावरचा बर्फ काढणारं यंत्र चालवणारे ग्वाल्तिएरोकाका मागून म्हणाले.

"तेरा."

"माझ्या मोजण्यात बावीस आल्या."

"काका, तुम्ही पत्ते खेळतानाही असंच मोजता."

तिने पुन्हा खांब कापला. त्यावर फावडं आडवं ठेवलं. दहा थापा मनगटातून, मग कोपरातून. पुन्हा तेराव्यालाच सरकला. जितक्या कमी थापांत खांब सरकेल, तितका हिमस्खलनाचा धोका जास्त. वर सगळा उतार याच थरावर बसलेला होता आणि त्याच्याखालून खालच्या गावाचा एकुलता एक रस्ता जात होता. चर्च खाली, दफनभूमी खाली. पप्पा वर, घरात, खिडक्या सताड उघड्या ठेवलेल्या खोलीत. त्यांना जाऊन आज पाचवा दिवस. तीस वर्षं या उताराचा बर्फ त्यांनीच तपासला होता. आता रस्ता सुरक्षित असल्याच्या कागदावर सही तिची असे.

फोन वाजला. खालून भाऊ, इवो.

"खड्डा खणून झालाय. पाद्री रोज विचारतायत. दहा मिनिटांचा रस्ता आहे, डेल्फिना. लिही ना, ठीक आहे म्हणून."

"ठीक नाहीये."

"पप्पांसाठीसुद्धा नाही?"

"पेटीबरोबर सहा माणसं लागतात, इवो. कोणती सहा आणू, ते तू सांग."

इवोने फोन ठेवला.

ग्वाल्तिएरोकाकांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "माझी आजी महिनाभर घरामागच्या बर्फात होती," ते म्हणाले. "एप्रिलमध्ये नेली खाली. तक्रार नव्हती तिची."

दुपारी घराच्या उत्तरेला, जिथे ऊन पोचत नाही, तिथे दोघांनी बर्फात कोनाडा खणला. शेजाऱ्यांनी पेटी आत सरकवली. डेल्फिनाने वर बर्फ लोटला, फावडं पालथं ठेवलं आणि त्यावर हाताने थोपटून तो बसवू लागली. हलकेच, मनगटातून.

काका मान खाली घालून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते.

दहा झाल्या, तसं तिचं कोपर आपसूक वर उचललं गेलं. आणि तिथेच थांबलं.