शेपटीवरची रेघ

"रेघच आहे ती," बाबा म्हणाले.

"कागदाचा धागा आहे," चिंग-लाम म्हणाली. "तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

पियानोवरच्या दिव्याखाली बापलेकीची डोकी एकमेकांवर आपटायच्या बेतात होती. परीक्षेत वाजवायच्या रचनेत एका मोठ्या स्वराला चिकटून एक चिमुकला स्वर छापलेला होता. त्याच्या शेपटीवर आडवी रेघ असेल तर तो चटकन उडवायचा. नसेल तर त्याला ऐसपैस वेळ द्यायचा. छपाई इतकी पुसट, की रेघ म्हटली तर रेघ, नाहीतर नुसता डाग.

बाबा कित्येक वर्षं सीमेपलीकडे चीनमध्ये, तुंगक्वानच्या खेळण्यांच्या कारखान्यात होते. शनिवारी रात्री घरी यायचे, सोमवारी उजाडायच्या आत निघायचे. यंदा कारखाना बंद पडला आणि ते कायमचे हाँगकाँगला परतले. तेव्हापासून घरात हा एक पाहुणा जायचं नाव घेत नव्हता. त्याच्याशी बोलायचं काय, हे पंधरा वर्षांच्या चिंग-लामला उमगत नव्हतं. एकूणच तिचा सूर हरवला होता. ही परीक्षा झाली की पियानो बंद, असं तिनं आईला सांगूनही टाकलं होतं.

अशात एका संध्याकाळी बाबांनी नाक खुपसलं. शाळेच्या बँडमध्ये ते ट्रम्पेट वाजवायचे, एवढीच काय ती त्यांची संगीताची पुंजी. "तो बारका स्वर झटपट घे गं. घासासारखा चघळत काय बसतेस?"

झालं! चिंग-लाम पेटली. तिनं जुनी पुस्तकं उपसली, ध्वनिमुद्रणं ऐकवली. दोन वादकांनी तो स्वर हळू घेतला होता, दोघांनी झटपट. दोन्ही बाजू आणखीच चेकाळल्या. भाजी परतताना बाबा शिट्टीवर आपला स्वर उडवायचे. न्हाणीघरातून चिंग-लाम ओरडायची, "चूक! साफ चूक!" त्यांना खोटं पाडायचं म्हणून ती रोज पियानोवर बसायची आणि तीच ओळ पुनःपुन्हा वाजवायची.

"या घरात एकच ओळ वाजते," आई कानांवर हात ठेवून म्हणायची, "आणि तीसुद्धा दोन तऱ्हांनी!"

वरच्या मजल्यावरच्या पून काकूंनी एकदा लिफ्टमध्ये गाठून विचारलं, "काय गं, त्या स्वराचं ठरलं का शेवटी?"

शिक्षिका मिस फुंग नुसती हसली. "तुमचं तुम्ही ठरवा. जे वाजवशील ते न कचरता वाजव."

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या बाकावर चिंग-लामचे हात बर्फ झाले होते. बाबांनी गरम सोया दुधाची बाटली तिच्या हातात कोंबली. "धरून ठेव. आणि तुला हवं तसं वाजव, काय?"

आत परीक्षक बाईंनी मान हलवली. चिंग-लामनं सुरुवात केली. बोटं आपसूक चालत होती. ती जागा जवळ आली आणि दाराबाहेर कान टवकारून बसलेला माणूस तिच्या डोळ्यांपुढे आला. बोट क्षणभरही अडलं नाही. तिनं तो स्वर चटकन उडवला, शिट्टीसारखा.

ती उड्या मारतच बाहेर आली. "बाबा! तुझ्यासारखा वाजवला मी! ऐकलास?"

बाबांचा चेहराच उतरला. "अगं, काय केलंस हे? तुझंच बरोबर होतं!"

चिंग-लाम जागच्या जागी थांबली. "म्हणजे?"

"पहिल्याच आठवड्यात मी मिस फुंगला विचारलं होतं. तिच्याकडे जुनी, स्वच्छ छापलेली प्रत आहे. रेघबिघ काही नाही. दोन्ही चालतात, मार्क जात नाहीत म्हणाली, म्हणून मी गप्प बसलो. पण ऐन वेळी तू माझं ऐकशील, हे मला काय ठाऊक!"

"तुला माहीत होतं? आणि तरी इतके दिवस माझ्याशी भांडत राहिलास?"

बाबा ओशाळं हसले.

"त्याशिवाय तू माझ्याशी बोलत कुठे होतीस?"